‘आवरा’ अशी चिठ्ठी

सेवा हाच खरा धर्म, याबद्दल पाटोद्याच्या त्या सभागृहात कुणाचंच दुमत नव्हतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांचा सत्कार होता. त्यांतली एकच बाई घरातून निघू शकली होती, तीही सासऱ्यांना घेऊन. तिनं आपल्या पदराची गाठ त्यांच्या उपरण्याला मारली होती. म्हातारा सारखा उठे, “चला, बाजार उठंल.” ती न बघताच उपरणं ओढून त्याला बसवी.

भाषण लांबलं की व्यासपीठावर ‘आवरा’ अशी चिठ्ठी पाठवायचं काम माझ्याकडे होतं.

“शाल देणार हायत म्हणं,” ती मला म्हणाली. “शाल ऱ्हाऊ द्या, दादा. घडीभर मामांना धरा. चार दिस झाले, डोळ्याला डोळा न्हाई.”

तिनं गाठ सोडून उपरण्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि खुर्चीतच झोपली. मी म्हाताऱ्याला घेऊन सभागृहाबाहेर फेऱ्या मारू लागलो.

“बैल का मागं ऱ्हायले रं?” तो मला दटावत होता.

तिसऱ्या फेरीला आत प्रमुख पाहुणे भाषणाच्या समारोपावर आले. टाळ्या वाजल्या की ती जागी होणार होती. मी घाईनं चिठ्ठी पाठवली, ‘आणखी बोला’.

ते सेवेवर आणखी पाऊण तास बोलले.