रविवारच्या रकान्यातले शून्य

मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी, पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत, आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत ती पडली. अंतिम रेषा साधारण ऐंशी मीटरवर होती. उजव्या पायाची नडगी मोडली होती. कुणाचा धक्का लागला नव्हता, पाय खड्ड्यात गेला नव्हता. मी कुंपणाबाहेर स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. पहिली फेरी तिने एक मिनिट बावीस सेकंदांत पूर्ण केली होती. त्याच वेगाने आली असती तर पूर्ण गुण मिळाले असते.

तिची ही शेवटची भरती होती. जूनमध्ये ती वयोमर्यादेबाहेर जाणार होती.

वीस वर्षे जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदारी केल्यावर मी क्रीडा प्रशिक्षणाचा एक अभ्यासक्रम केला आणि गेवराईजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानावर, भरतीच्या मुलींची तयारी करून घेऊ लागलो. माझी पद्धत वहीची होती. सराव संपला की प्रत्येकीला विचारायचे, दहापैकी किती जड गेले? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणले की दिवसाचा भार निघतो. आठवड्याचा भार हळूहळू चढवायचा, दर चौथ्या आठवड्यात उतरवायचा. रविवारी पूर्ण विश्रांती. रोज सकाळी बोटांना खडू लावून भिंतीजवळ उभी उडी घ्यायची. स्नायू थकलेले असले की खडूची खूण खाली येते.

शेजारच्या पडीक रानात एक निवृत्त जवान त्याच्या गटाला पळवायचा. तो सायकल थांबवून वहीत डोकावायचा.

"कागदावर पोरी पळवतो का बे? चाचणीला वही पळणार हाय का?"

"तुमच्या किती जणी लंगडतात, ते मोजलं का कधी?"

"लंगडती म्हणजे पायात जीव हाय म्हणायचं."

त्या हंगामात त्याच्या तीन मुली जायबंदी झाल्या. माझी एक.

ती मेंढपाळ घरातली सून. नवरा मालट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात सासू, चार वर्षांची मुलगी आणि चाळीस मेंढ्या. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली तेव्हा मागून एक मुलगी ओरडली, "ताई, मागं कुत्रं लागल्यावाणी काय पळता!"

"कुत्रं न्हाई गं, लांडगं," ती न वळता म्हणाली. "कुत्रं तर आपलंच असतंय."

सरावानंतरचे तिचे उत्तर ठरलेले असायचे : चार.

"सहाशेच्या चार फेऱ्या मारल्यास. चारच?"

"ह्याला जड म्हणायचं व्हय, सर?"

मी चार लिहिले.

डिसेंबरपासून सोमवारी तिची उडी कमी यायला लागली. विश्रांतीनंतर ती वाढायला हवी होती. मी त्या आकड्यापुढे 'झोप?' असे लिहिले आणि तिला विचारले, "रविवारी काय केलंस?"

"काय न्हाई सर. सुट्टीच व्हती."

रविवारच्या रकान्यात मी शून्य मांडले.

जानेवारीत नडगी दुखू लागली. एकाच जागी, बोटाने दाबले की. हाडाला बारीक तडा गेला असल्याचे ते लक्षण असू शकते, हे मला माहीत होते. तालुक्याला एक्स-रे काढला, त्यात काही निघाले नाही. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, हेही मला माहीत होते. मी एमआरआय सुचवला. ती म्हणाली, "भरती झाल्यावर करू." मी दुसऱ्यांदा सांगितले नाही.

त्याऐवजी भार उतरवला. रविवारच्या जोडीला बुधवारची सुट्टी दिली. दोन आठवड्यांनी दुखणे वाढले होते. मग शुक्रवारचीही दिली. दुखणे कमी झाले नाही. चाचणीआधीचे सहा दिवस मी तिला मैदानावर येऊच दिले नाही. घरी बस, पाय वर ठेव, असे फोनवर सांगितले. तिकडून ती "व्हय सर" म्हणाली.

ती पडली त्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या वॉर्डात सासू आली. खाटेजवळ उभी राहून माझ्याकडे बघत म्हणाली, "मास्तर, पळवून पळवून पाय मोडलात तिचा."

"मावशी, सहा दिवस ती पळालीच नाही. घरी होती."

"घरी? घरी कशी बसंल? मेंढरामागं कोण जाणार? ती पळायला गेली की मेंढरं मी न्यायची, तिला सुट्टी असली की तिनं. तसंच ठरलं व्हतं आमचं, म्हणून तर पळायला लावली. तुमी सुट्ट्या वाढवल्या तवा म्या म्हन्लं, बरं झालं, माझ्या गुडघ्यांना तरी इसावा."

मी खाटेकडे वळलो. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं, काय केलं," ती म्हणाली. "मेंढरामागं जाणं म्हणजे काय करणं असतंय व्हय, सर?"

सासूने तिच्या अंगावरची चादर नीट केली.

पुढच्या सोमवारी मी सासूबरोबर कळपामागे गेलो. कापूस वेचून झालेली रानं, मग ज्वारीची धसकटं, मग गोदावरीकडचा उतार, आणि त्याच वाटेने परत. फोनने सतरा किलोमीटर दाखवले. त्यातले शेवटचे चार सासूने एक कोकरू खांद्यावर घेऊन काढले. तिने सांगितले की सून दोन घेते.

घरी आल्यावर मी वही पुन्हा मांडली. कळपाचे दिवस त्यात धरले. ज्या आठवड्यांत माझ्या आकड्यांनुसार भार उतरत होता, त्याच आठवड्यांत तो चढत होता. सहा दिवसांच्या विश्रांतीचा आठवडा सगळ्यांत जड निघाला. चार महिन्यांत मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. ते मैदानापासून सायकलने वीस मिनिटांवर आहे.

तिच्या हाडात सळई बसवली आहे. डॉक्टरांनी सहा महिने धावायला मनाई केली. चाचणी पुन्हा घ्यावी, असा अर्ज तिने वॉर्डातूनच केला. मजकूर मी लिहिला, सही तिची होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उत्तर आले. धाव पूर्ण न करणाऱ्या उमेदवाराला दुसरी संधी देण्याची तरतूद नाही, असे त्यात म्हटले होते.