फक्त प्लास्टरवाल्यांसाठी

काकूंच्या लेकीला लहानपणापासून घरात भिंगरी म्हणत, आणि मोठेपणीही तिने ते नाव खोटं पडू दिलं नाही. विम्याच्या ऑफिसातली बरी चाललेली नोकरी सोडून तिने इंटरनेटवर दुकान थाटलं. आधी मेणबत्त्या, मग कानातली, मग तान्ह्या बाळांचे कपडे. दर वेळी ती कॉम्प्युटरवरचे आलेख दाखवून सांगायची की लोक हल्ली हेच शोधतायत. शोधत असतीलही, पण त्यांना भिंगरीचं दुकान काही सापडत नव्हतं. उरलेला माल पलंगाखाली जायचा. हळूहळू अशी वेळ आली की पलंगाखाली केरसुणीसुद्धा शिरेना.

काकू पुढच्या खोलीत शिवणकाम करायच्या. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, अंगापिंडाने वाढलेल्या लोकांच्या शिवणी सैल करणं. स्वभाव काळजीचा. जिना उतरून खाली गेलेल्या काकू गॅस बंद केलाय का बघायला हमखास परत वर यायच्या. लेकीचं दुकान चालत नाही हे त्यांनी एकवेळ पचवलं असतं, पण हल्ली ती बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायची, आणि ते उरलेलं वाक्य काकू रात्रभर मनात जुळवत बसायच्या. पोरीचा जीव थाऱ्यावर येईना. विम्याच्या ऑफिसात पुन्हा एक जागा निघाली होती, आणि तिथल्या साहेबीणबाईंनी ती महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवली होती. काकूंच्या मते देवानेच दार किलकिलं ठेवलं होतं, आणि भिंगरीने मुकाट्याने आत शिरायचं होतं.

तशात तिचे बाबा स्टुलावरून पडले. बाबा म्हणजे छापखान्यातले जुने जुळारी. शिशाचे खिळे जुळवून पानं लावण्यात त्यांचा जन्म गेला. हात कोपरात मोडला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत वाकडं प्लास्टर बसलं. दुखण्याची त्यांनी तक्रार केली नाही. रुसले ते शर्टावर. कुठलाच शर्ट त्या हातावरून चढेना, आणि बनियनवर जिना उतरायला त्यांची तयारी नव्हती. डॉक्टरांनी दाखवायला बोलावलं तर म्हणाले, "डॉक्टरांनाच वर बोलवा."

काकूंनी त्यांचा शर्ट घेतला, कॉलरपासून खांद्यावरून थेट कफापर्यंत ब्लेडने उसवला, कडेला पट्टी लावली आणि ओळीने टिचबटणं बसवली. शर्ट पुस्तकासारखा उघडला, हातावर ठेवला, टच टच मिटला. बाबा आरशासमोर वळून वळून बघत राहिले.

दवाखान्याच्या बाकावर मात्र काकूंना बसणं मुश्किल झालं. एक बाई नवऱ्याचा शर्ट एका खांद्यावर शालीसारखा टाकून बसली होती. तिने विचारलं, कुठे मिळाला हा? पलीकडचा गृहस्थ उठून येऊन बटणं दाबून बघायला लागला. कुणीतरी काकूंचा फोन नंबर मागितला. भिंगरी सोबत होती. घरी परतताना ती रिक्षात एक अक्षर बोलली नाही, आणि काकूंना धडकी भरली. भिंगरी गप्प बसली म्हणजे नवं दुकान निघणार.

निघालंच. तिने मेणबत्त्या, कानातली, बाळंतविडे सगळं साइटवरून काढून टाकलं आणि एकच गोष्ट ठेवली. हात प्लास्टरमध्ये असणाऱ्यांसाठी शर्ट.

काकूंचा भाऊ कापडाचा घाऊक व्यापारी. हे कानावर येताच तो तसाच येऊन धडकला. त्याचं म्हणणं असं की गिऱ्हाईक परत यायला हवं, आणि हिचं गिऱ्हाईक बरं झालं की पाठ फिरवणार, ते पुन्हा कशाला येतंय?

"मामा, तुमच्याकडे परत येतात ते घासाघीस करायला येतात," भिंगरी म्हणाली. "माझं गिऱ्हाईक एवढंच विचारतं, हात आत जाईल का?"

काकूंना वेगळीच टोचणी. कुणाचे तरी हात मोडावेत म्हणून आता वाट बघत बसायचं का? त्यावर बाबा आतून म्हणाले, "अगं, मोडतात ते त्यांचे ते मोडतात. आपण फक्त झाकतो."

पहिली मागणी आली ती एका ग्रंथपाल बाईंची. त्यांना नव्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं आणि घालायला गाउनशिवाय काही उरलं नव्हतं. एका हाताने टाइप करायला लोकांना त्रास नको, म्हणून भिंगरीने साइटवर लिहिलं होतं की नुसता फोटो पाठवा, बाकी आम्ही बघतो. बाईंनी फोटो पाठवला. उजवा हात प्लास्टरमध्ये. काकूंनी उजवी बाही उघडी ठेवून सुरेख शर्ट शिवला आणि तो रवाना झाला.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बाबा सहज तो फोटो बघत बसले होते. बाईंच्या मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावरचं महिन्याचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, खालची जाहिरातही वाचली, आणि मग एकदम थांबले. जन्मभर खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचलेली, त्यामुळे आधी त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"हे उलटं आहे," ते म्हणाले. "फोटो आरशातला आहे गं."

बाई तरी काय करणार? एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात फोन. अख्खा हात दिसावा म्हणून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि फोन धरलेली बाजू कापून फोटो पाठवला होता. मोडला होता तो डावा.

भिंगरी खुर्चीत बसली ती उठेना. उद्याच ऑफिसला होय की नाही कळवायचं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, मी उद्यापासून ऑफिसला..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

आठ दिवसांपूर्वी हे ऐकून काकूंनी देवापुढे दिवा लावला असता. आता मात्र त्यांनी सुई, दोरा, ब्लेड, टिचबटणांची डबी पिशवीत भरली आणि चपला पायात सरकवल्या. "पत्ता आहे ना? चल. रडायचं ते वाटेत रड."

दार बाईंनीच उघडलं. शर्ट एका खांद्यावर लोंबत होता. "मला वाटलं मलाच घालता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मी तो उलटा करूनही बघितला." भिंगरी माफी मागायला लागली तर काकूंनी तिला बटणं धरायला बसवलं. खिडकीजवळ उजेडात काकूंनी डावी बाही उसवली, पट्टी दुमडली, हातानेच शिवली. बोटाला दोनदा सुई टोचली, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

बाई आत जाऊन शर्ट घालून आल्या. उजव्या हाताने एकेक बटण चाचपत, दाबत. बाहेर आल्या तेव्हा शेवटचं बटण दाबून झालं होतं.

"हात मोडल्यापासून आज पहिल्यांदा कुणाला हाक न मारता कपडे घातले मी," त्या म्हणाल्या, आणि पाणी आणायच्या निमित्ताने घाईने आत गेल्या.

जिना उतरताना काकू म्हणाल्या, "ऑफिसला कळवून टाक."

"काय कळवू?"

"येत नाही म्हणून. आणि हे बघ, यापुढे दोन्ही बाह्या उघड्याच शिवायच्या. उजवा-डावा ही भानगडच नको."

भिंगरी जिन्यातच थांबून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि पूर्ण हसली. काकूंना तेवढ्यात गॅसची आठवण झाली, पण त्या तशाच लेकीकडे बघत उभ्या राहिल्या.

त्या बाईंनी आपल्या डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी प्लास्टर घालणाऱ्या मदतनिसाला, आणि मागण्या येऊ लागल्या. फार नाही, पण मशीन रिकामं राहत नव्हतं. मग एक दिवस मामा पुन्हा आले, या खेपेला खुशीत. म्हणाले, दुकान चाललंय तर आता माल वाढव. मुलांचे रेनकोट ठेव, टॉवेल ठेव, माझ्याकडचं कापड आहेच, गिऱ्हाईक आलंच आहे तर रिकाम्या हाताने का जाऊ द्यायचं?

काकूंचे पाय मशीनवरच थबकले. आता ही म्हणणार, चांगली कल्पना आहे मामा, आणि पलंगाखाली पुन्हा खोकी जाणार.

"नको मामा," भिंगरी म्हणाली. "आम्ही फक्त प्लास्टरवाल्यांचे कपडे करतो. रेनकोट हवा असेल त्याला तुमच्याकडे पाठवीन."

वाक्य पूर्ण झालं होतं. काकूंचे पाय पुन्हा मशीनवर चालू लागले.