आतोबांचे अकरा बांध

भोर संस्थानातल्या आमच्या गावात फुटबॉल कळणारा एकच माणूस होता आणि त्या माणसाने जन्मात कधी फुटबॉल खेळलेला नव्हता. हा माणूस म्हणजे माझे आतोबा. पुण्याला लष्करात गोऱ्यांच्या खानावळीत ते बरीच वर्षं स्वयंपाकी होते. खानावळीच्या खिडकीतून मैदान दिसे. कांदा चिरता चिरता त्यांनी अख्खा खेळ डोळ्यांत साठवून घेतला. नोकरी सुटल्यावर भोंगवलीला, म्हणजे बायकोच्या माहेरी, मुक्काम ठोकला तेव्हा ते एक शिट्टी, एक कातडी फुटबॉल आणि कुणा साहेबाने टाकून दिलेला बूट घेऊन आले. बूट एकच होता. तो उजव्या पायात घालायचे, डाव्या पायात वहाण. "लाथ उजव्यानंच मारत्यात, डावा नुस्ता हुबा ऱ्हातो. त्याला कशाला पायजे बूट?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते रस्त्याने येत तेव्हा एक पाय टक् वाजे आणि दुसरा फट्, आणि तो आवाज ऐकला की शाळेतली आम्ही पोरं पाटी-दप्तर आवरायला लागायचो.

बायकोच्या गावी राहणाऱ्याला जो एक कायमचा मान मिळतो तो आतोबांना भरपूर मिळाला. मोठी माणसं त्यांना 'पाव्हणं' म्हणत, आणि नातं असो नसो, गावची सगळी पोरं आतोबाच म्हणत. 'पहिली-दुसरीची पोरं शाळा सुटल्यावर तासभर मला द्या' असं त्यांनी मास्तरांना सांगितलं तेव्हा गावच्या जावयाला नाही कसं म्हणायचं, या एकाच विचाराने मास्तर हो म्हणाले. शिट्टी तर त्यांनी घरातही सोडली नाही. एक शिट्टी म्हणजे चहा, दोन म्हणजे भाकरी. आत्या चुलीपाशी फुंकणी आपटून उत्तर द्यायची, त्याचा अर्थ 'उठून घ्या' असा होता. फुटबॉलमधला ब्लॅडर ते तोंडाने फुगवत, तोही जेवण झाल्याबरोबर, त्यामुळे आमच्या चेंडूला कायम लसणाच्या चटणीचा वास येई. आत्या म्हणायची, "येवढी फुंकर चुलीत मारली असती, तर माझं डोळं तरी वाचलं असतं." आतोबा गाल फुगवलेलेच ठेवून मान डोलवायचे.

खरी पंचाईत आमची होती. शिट्टी वाजली की आम्ही अकराच्या अकरा जण चेंडूवर तुटून पडायचो. एकदा त्या घोळक्यातून चेंडू कधीच निसटून ओढ्यात गेला होता आणि आम्ही तरीही एकमेकांच्या नडग्या लाथाडत होतो. आतोबांनी जागा ठरवून दिल्या, शिव्या दिल्या, गूळ दिला, काही उपयोग झाला नाही. मग एके दिवशी ते चुलीतली राख टोपलीभर घेऊन आले आणि शाळेमागच्या माळावर अकरा चौकोन आखले. "हे बगा," ते म्हणाले, "ह्यो पट्टा तुजा, त्यो त्याचा. आपल्या रानात चेंडू आला तर मारायचा. दुसऱ्याचा बांध वलांडायचा न्हाई." शेतकऱ्यांची पोरं आम्ही. फुटबॉल कळायला अवघड, पण बांध आम्हाला आईच्या दुधाबरोबर कळलेला. त्या दिवसापासून चेंडू एका रानातून दुसऱ्या रानात असा शिस्तीत जाऊ लागला की आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माळ लहान होता, पुढे ओढाच. म्हणून आमचे अकरा पट्टे आणि त्यापुढे एक गोल, एवढंच मैदान. त्या गोलात आतोबा स्वतः उभे राहायचे आणि आनंदाने गोल खायचे.

या आनंदावर पाटलांनी बोट ठेवलं. शाळेनंतर पोरांनी शेरडं वळायची सोडून चेंडू वळायला घेतला होता आणि घरोघर कुरकूर सुरू होती. जावयाला तोडून बोलता येईना म्हणून पाटील गोड बोलले. "पाव्हणं, भोरातल्या साळंबरूबर येक सामना करा. येक तरी गोल करून दावा. न्हाई झाला, तर ही शिट्टी आन् चेंडू माज्या घरी ठिवायचा. कसं?" आतोबा हो म्हणाले, पण त्या रात्री त्यांनी शिट्टी वाजवलीच नाही. आत्याने न मागता चहा करून दिला.

दोन बैलगाड्या भरून आम्ही भोरला गेलो. तिथलीही पोरं पहिली-दुसरीचीच, पण त्यांच्या मैदानाला मधोमध चुन्याची पांढरी रेघ होती. सामना सुरू झाला आणि आतोबांची चूक सगळ्यांना दिसली. आमच्या हद्दीत आम्ही झकास खेळत होतो, पण चेंडू पांढऱ्या रेघेपलीकडे गेला की आम्ही सगळे रेघेवर येऊन हात बांधून थांबायचो. "आरं पुढं जा की," आतोबा ओरडले. मी अदबीने सांगितलं, "आतोबा, तिकडं आपलं न्हाई." त्यांचा चेहरा उतरला. आमची इतकी चांगली शिकवणी त्यांनीच घेतली होती. भोरकरांनी सहा गोल केले. पाटील गाडीत बसून मिशीवर हात फिरवत होते. आतोबांनी गळ्यातली शिट्टी काढून हातात घेतली, ती त्यांना द्यायला.

आमच्यात म्हाकू नावाचा धनगराचा मुलगा होता, सगळ्यात लहान. त्याचा बाप मेंढरं घेऊन रानोरान फिरायचा आणि कुणाच्याही शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला विचारायचा. चेंडू रेघेपलीकडे जाऊन थांबला होता. भोरची पोरं कंटाळून झाडाखाली गेली होती आणि त्यांचा गोलकीपर एकटाच बोरं खात होता. म्हाकूने रेघेवर उभं राहून बापाच्याच आवाजात हाक दिली, "मालक, रानात येऊ का?"

गोलकीपरचं तोंड बोरांनी भरलेलं. तो म्हणाला, "ये की."

परवानगी मिळाल्यावर म्हाकू आत शिरला. चुकार मेंढरू हाकावं तसा तो चेंडू हळूहळू ढकलत, मध्येच त्याला 'हुर्र' म्हणत, थेट गोलापर्यंत गेला. तिथे त्याने पुन्हा विचारलं, "आत घालू का?" गोलकीपर बी थुंकून "नको" म्हणेपर्यंत मेंढरू वाड्यात गेलं होतं. पंचांनी शिट्टी वाजवली. सहा-एकने हरलेला आमचा संघ असा काही नाचला की भोरकरांना वाटलं, आपणच हरलो.

पाटील गाडीतून उतरले. "शब्द म्हंजी शब्द," ते म्हणाले, आणि कसं असतं बघावं म्हणून त्यांनी चेंडूला एक लाथ घातली. चेंडू जागेवर राहिला, जोडा बोरीच्या झाडावर गेला. तो काढायला म्हाकूच चढला.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी माळावरच्या राखेच्या रेघा बुटाने पुसून टाकल्या. "माजं चुकलं," ते म्हणाले. "समदं रान तुमचंच हाय. पळा." आणि आम्ही अकराच्या अकरा जण पुन्हा चेंडूवर तुटून पडलो.

संस्थान गेलं त्या वर्षी मी पुण्याहून त्यांना भेटायला गेलो. आत्या आदल्या वर्षीच गेली होती. ओसरीवर बाजेवर आतोबा पडून होते, नजर अधू झालेली, उशाशी बूट आणि हवा गेलेला चेंडू. मी पायरीशी थांबलो. इतका वाळलेला माणूस पाहून मला रडू येत होतं, आणि ते ऐकू जाऊ नये म्हणून मी म्हटलं, "मालक, रानात येऊ का?"

त्यांनी चाचपडत शिट्टी शोधली, ओठांना लावली. वाजण्याइतका श्वास त्यांच्यात नव्हता. ती बाजूला ठेवून ते म्हणाले, "ये की. इचारतोस काय?"