पाठीमागचे हात

नव्वदच्या दशकात मी सांगलीतल्या एका तंत्रशाळेत कारकून होतो. लेथ मशीन शिकवायला मास्तर हवा होता, म्हणून मुलाखती चालल्या होत्या; नोंदी घ्यायला मीही तिथे होतो. आलेल्या प्रत्येकाने मशीनवर सफाईने काम करून दाखवलं. शेवटी कुपवाडच्या कारखान्यातला एक पन्नाशीचा माणूस आला. त्याने बोटातली अंगठी काढून खिशात टाकली आणि प्राचार्यांना म्हणाला, "ज्याला ह्यातलं कायबी येत न्हाई, आसा माणूस द्या मला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात पेन्सिलीशिवाय कशालाच टोक काढलं नव्हतं.

त्याने मला मनगटावरचं घड्याळ उतरवायला लावलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभा राहिला. कापणारं टूल मी फिरत्या सळईत जोरात घुसवलं. मशीन किंचाळली. त्याचे खांदे एकदम पुढे झुकले, पण हात सुटले नाहीत. ज्याला येतं त्याला हात आवरणं किती जड जातं, ते मला त्या खांद्यांवरून कळलं.

"भिऊ नगा. मागं घ्या. आता आवाज ऐकत सावकाश या."

तिसऱ्या खेपेला लोखंडाचा कीस स्प्रिंगसारखा वळत सुटू लागला.

"व्हय, आसं!"

प्राचार्य मात्र वैतागले. "अहो, तुम्ही मशीनला हातसुद्धा लावला नाही. तुमचं काम आम्ही बघायचं तरी कसं?"

हात अजून पाठीमागेच होते. त्याने हनुवटीनेच माझ्याकडची, मशीनवरून नुकतीच उतरवलेली चकचकीत सळई दाखवली.

"ते काय, त्येंच्या हातात हाय."