सवारीतली शेवटची जागा

जमादारकाका खडू घेऊन ओट्यावर उकिडवे बसले, की समजावं, मुलांना जत्रेला न्यायचं ठरलं. देवास संस्थानात दसऱ्याची सवारी लावायचं काम त्यांचं. निशाण कुठं, घोडे कुठं, हत्ती कुठं, सगळं डोक्यात. संस्थान विलीन झालं, हत्ती गेला, सवारी संपली. हाताशी उरलो आम्ही, गल्लीतली नऊ कार्टी, चार वर्षांपासून चौदापर्यंतची.

पण थाट तोच! नवरात्रात टेकडीखाली जत्रा भरे. आदल्या दिवशी ते फरशीवर एकेकाचा चौकोन आखत आणि विचारत, "बोला, आपली फर्माईश?" थोरल्यांना आकाशपाळणा, धाकट्यांना लाकडी घोडे, मला जादूचे खेळ. एकाला एकच. कुणी कुरकुरलं, की 'भाऊ'ला माळवी वळणानं 'भिया' करून म्हणत, "भिया, सवारी आहे ही, भाजीबाजार नाही."

त्या वर्षी आठच चौकोन झाले. नववी माझी बहीण कुसुम, सात वर्षांची, एका पायानं अधू. आई म्हणाली, "ती मागं पडेल हो. सगळ्यांचा खोळंबा कशाला?" आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तिच्याबरोबर चालायची मला लाज वाटायची. कुसुम दाराआड उभी राहून फ्रॉकचं टोक चावत होती.

काकांनी सगळ्यांत मागं एक चौकोन आखला, चांगला ऐसपैस. "वहिनी, दसऱ्याला आपल्या सवारीत शेवटी हत्तीवर कोण असायचं?"

"महाराज," आई म्हणाली.

"मग? पोर शेवटीच चालेल. बाकीच्यांनी तिच्या चालीनं चालायचं. बोला कुसुमराजे, फर्माईश?"

"पाळणा," कुसुम म्हणाली. "मोठा."

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढं चौदा वर्षांचा बंडू, शेवटी कुसुम. जत्रेच्या तोंडाशी पाळणा दिसला मात्र, बंडू आणि मी सुसाट सुटलो. काका ओरडले नाहीत. दोघांना कानाला धरून परत आणलं आणि सगळ्यांना पुन्हा वाटेतल्या वडाच्या झाडापासून चालवलं!

पाळणेवाल्यानं कुसुमला अडवलं. "भिया, इस बच्ची को रहने दो, गिर जाएगी."

काकांनी फेटा सारखा केला. "रहने दें? अरे, सवारी ही इसकी है!"

आणि तिला मांडीवर घेऊन स्वतः पाळण्यात बसले. हा माणूस भीतीपोटी कधी साधी माडी चढला नव्हता, बरं का! वर कुसुम खिदळत होती आणि काकांचे डोळे गच्च मिटलेले. मी शेजारच्या अनोळखी माणसाला बोट करून सांगितलं, "ती वर आहे ना, ती माझी बहीण." मग दुसऱ्यालाही सांगितलं. काका उतरले आणि म्हणाले, "लागली सवारी बरोबर."

पुढच्या वर्षीपासून शेवटच्या चौकोनासाठी आमची मारामारी. काकांनी तो कुसुमशिवाय कुणाला दिला नाही.

दहाएक वर्षांनी काका गेले, तेव्हा जत्रा आठ दिवसांवर आली होती. खांदा आम्हीच दिला. बायका रीतीप्रमाणे दारातून परतल्या, कुसुम परतली नाही. सगळ्यांच्या मागं एकटी चालत राहिली. "पोरीला घरी पाठवा रे," कुणी म्हातारे खेकसले.

पुढच्या खांद्याला बंडू होता. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं आणि पाऊल हळू केलं. मग आम्हीही केलं. नदीपर्यंत सगळे कुसुमच्या चालीनं गेलो.