जाते म्हणणाऱ्या वन्सं

बोलण्यात आमच्या वन्संना हरवील असं माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत जन्माला आलेलं नाही, आणि आलं असेलच तर ते बिचारं अजून त्यांच्यासमोर आपली पाळी यायची वाट बघत बसलं असेल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहतात बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. राँग नंबर लागला तरी त्या समोरच्याच्या घरी कोण कोण असतं, मुलांची लग्नं झाली का, हे विचारून घेत. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता’ म्हणणाऱ्या फोनमधल्या बाईलाही, “अगं हो, पण मग ती गेलीय कुठं?” असं विचारताना मी या कानांनी ऐकलंय. उल्हासनगरला कापडबाजारात त्यांचा एक ठरलेला सिंधी दुकानदार आहे. एका ब्लाउजपिसापायी त्याला वन्संच्या सासरची अख्खी कुळकथा ऐकावी लागे. शेवटी तो हात जोडून म्हणे, “दीदी, ऐसेही ले जाओ, लेकिन मेरेको शटर खींचने दो!” आणि निरोप घेणं तर विचारूच नका. ‘येते हं’ एकदा सोफ्यावरून, मग दारातून, मग जिन्यातून, आणि दर वेळी नवा विषय. अंबरनाथला आमच्याकडे शिवमंदिराजवळ आल्या आणि त्यांनी पहिलं ‘येते’ म्हटलं की मी खुशाल कुकर लावत असे. दोन्ही डबे शिजून व्हायचे, वन्सं जिन्यातच.

त्यांच्या मागच्या खोलीत सविता भाड्यानं राहायला आली. बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली पोर. नवरा टेम्पोवर, आणि ही उल्हासनगरच्या एका कारखान्यात जीन्स पँटींचे धागे कापायला जायची. जाताना लेकीला, तनूला, वन्संकडे ठेवायची. तनू तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. बोलत नव्हती, हाक मारली तर बघत नव्हती. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायची. त्याचं कुणाला काही नव्हतं, पण सकाळी आई “येते हं” म्हणून गेली की ही जी उंबऱ्याशी बसे ती दारावर डोकं आपटत आकांत करी. उचलून नेलं तर परत तिथंच. गल्लीतल्या बायका म्हणत, लाडावलीय. गावची आजी म्हणे, बाहेरचं काहीतरी आहे, माझ्याकडे आणून टाक. एके दिवशी सविताच रडत वन्संना म्हणाली, “मावशी, हिला गावाला ठेवते. तिकडं रडली तरी कुनी बोलनार नाय.”

“आणि तू इथं कुणासाठी धागे कापणार गं?” वन्सं कडाडल्या. “दिवाळीपर्यंत माझ्याकडे राहू दे. मग बघू.”

अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं, अंबरनाथला एका हॉलमध्ये अशा मुलांसाठी आठवड्यातून एकदा फुकट वर्ग भरतो. वन्सं आणि सविता तनूला घेऊन आल्या, वाट दाखवायला मी बरोबर. तिथल्या तरुण ताईंनी तनूबरोबर फरशीवर बसून बराच वेळ झाकण फिरवलं, मागाहून पुन्हापुन्हा बोलावून तपासणीही करवली, आणि मग सांगितलं की हा ऑटिझम आहे, तनू मुकी नाही, हट्टी नाही, आणि लहानपणीच आलात ते फार बरं झालं. मग वन्संकडे वळून म्हणाल्या, “घरी एवढंच करा. कमी बोला. जे आहे तेच बोला. आणि मग थांबा.”

कमी बोला! ज्या बाईला सख्ख्या भावाच्या लग्नात भटजींनी ‘मंगलाष्टकं मला म्हणू द्या’ असं विनवलं होतं, तिला! मला हसू आवरेना, मी पदर तोंडाला लावून बाहेर पळाले.

पण वन्संनी खरंच तोंड मिटलं. आणि तोंड मिटल्यावर त्यांना दिसायला लागलं. एका सकाळी त्यांचा फोन आला. “वहिनी, पोरगी हट्टी नाही गं, आपणच खोटारड्या! आई म्हणते ‘येते’, आणि जाते. ते लेकरू येण्याची वाट बघत बसतं. आपल्याला कळतं त्याचा अर्थ, तिनं काय करावं?”

दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुटला. सवितानं म्हणायचं, “आई जाते. दिवे लागले की आई येते.” सविता घाबरली. “जाते कसं म्हनू मावशी? अपशकुन ना तो!” “अपशकुनाचं मी बघते,” वन्सं म्हणाल्या. सुरुवातीला रडं होतंच. हळूहळू ते ओसरलं. मग एका भरदुपारी तनूनं स्टूल ओढून दिव्याचं बटण दाबलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दिवे लागले, आता आई आण! वन्संची अशी गाळण उडाली की काय सांगू. तेव्हापासून घरातले दिवे रद्द आणि रस्त्यावरचे दिवे पक्के झाले. दिवाळी आली, गेली. गावाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

वन्संचं मात्र सगळं जगच बदललं. दूधवाल्यापासून भावापर्यंत सगळ्यांनी ‘जातो’च म्हणायचं असा त्यांचा दंडक. आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या, वाण घेतलं, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “जाते.” सासूबाईंच्या हातातली कुयरी पडायची बाकी राहिली. “अगं बये, भरल्या घरातून जाते काय म्हणतेस? येते म्हण!” “आई, तनू आहे बरोबर. तिच्यासमोर खोटं नाही,” एवढं बोलून वन्सं गेल्यासुद्धा. माझा कुकर तसाच राहिला. तिकडे तो सिंधी दुकानदार मला काळजीनं विचारत होता, “दीदी की तबियत ठीक है ना? दो मिनट में पीस लेके गई!” मी त्याला म्हटलं, ठीक नाही हो, मोठी झालीय आमची दीदी. खरं सांगते, इतका अभिमान मला माहेरच्याही कुणाचा वाटलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात वन्संचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. निघायच्या दिवशी आम्ही सगळे हेंद्रेपाड्यात. “आजच्या दिवस तरी येते म्हण गं,” सासूबाई लेकीला काकुळतीनं म्हणाल्या. वन्संनी ऐकलं, आणि दुखणाऱ्या पोटावर हात ठेवून तनूसमोर खाली बसल्या. पुठ्ठ्यावर रस्त्यावरचे दिवे काढले होते, त्यावर बोट ठेवत म्हणाल्या, “आजी जाते. दिवे लागतील, तनू झोपेल. परत दिवे लागतील, तनू झोपेल. परत दिवे लागले की आजी येते.” आणि थांबल्या. तनू तोवर ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं परत म्हणायला लागली होती, पण स्वतःचा असा शब्द तिनं काढला नव्हता. रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. माझा नवरा बोलणार तेवढ्यात वन्संनी बोट वर करून त्याला गप्प केलं. तनू वन्संच्या चपलांकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, “ये.”

‘येते’ म्हणणाऱ्याला घरातलं माणूस ‘ये’ म्हणतं, तसं. कुणी शिकवलेलं नव्हतं. सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “झालं बाई, आता जा.” दवाखान्यापर्यंत वन्सं नुसता माझा हात घट्ट धरून होत्या.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी, सुट्टी उद्या सकाळी देऊ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मात्र वन्संनी जुन्या पद्धतीनं असं काही ऐकवलं की त्यांनी कागद लगेच करून दिले. रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आमची रिक्षा गल्लीत शिरली होती.

तनू आता बालवाडीत जाते, हवं ते मागते, नको ते नको म्हणते. वन्सं फोनवर “बोल” म्हणतात आणि खरोखरच थांबतात. मग मलाच काही सुचत नाही, आणि त्यांच्या त्या जुन्या धबडग्याची फार आठवण येते. हेंद्रेपाड्याहून निघताना मीही आता “जाते” म्हणते. पण आतून ते बारीक “ये” ऐकू येईपर्यंत चपला हातात धरून पायरीवर उभी राहते.