गोष्ट तीच, पात्रं दुसरी

अविनाश गेल्याचा मेसेज ग्रुपवर आला तेव्हा मी आयसेलिनच्या देशी दुकानात भाजी घेत होतो. मेथीची जुडी हातात धरून तसाच उभा राहिलो, आणि पहिला विचार आला तो हा, की आता हा माझी माफी कधीच मागणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची पद्धत आहे... सहा आठवडे प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

आम्ही पुण्याहून अमेरिकेत एकदमच आलो आणि पिस्कॅटवेला तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये तीन वर्षं एकत्र राहिलो. लग्नानंतर त्याने घर घेतलं, बेसमेंटमध्ये प्रोजेक्टर बसवला. पूर्वी इथल्या थिएटरांत मुख्य सिनेमाआधी सात-आठ मिनिटांची कार्टून्स दाखवत. त्यांची जुनी रिळं तो वेड्यासारखी जमवायचा. शनिवारी दुपारी आम्हाला बसवून आधी एक दाखवायचा, मग काही वर्षांनंतरचं दुसरं. पहिल्यात अस्वल मधासाठी शिडीवर चढून आपटायचं. दुसऱ्यात शिडी तीच, आपटणं तेच, फक्त अस्वलाच्या जागी बोका आणि मधाच्या जागी मासा. ‘‘लोक एकदा बघून घरी जायचे, परत बघायची सोय नाही. कोणाच्या लक्षात राहतंय यार?’’ हे सांगताना त्याला केवढा आनंद व्हायचा! मलाही मजा वाटायची. मूर्ख होतो मी.

माझी आई इथे एकदाच आली, दसऱ्याच्या सुमारास. थंडीच्या आधी मी बर्फ काढायचं फावडं आणून ठेवलं होतं. दसऱ्याला सकाळी बघतो तर गॅरेजमध्ये फावड्याला हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. ‘‘तुझ्याकडे दुसरं अवजार आहे कुठलं?’’ म्हणाली. ‘‘याच्यावरच तुझी पाठ सांभाळायची जबाबदारी.’’ पुढच्या वर्षी ती गेली. माझे व्हिसाचे पेपर अडकलेले, मला जाता आलं नाही. त्या दिवशी अविनाशच्या बेसमेंटमध्ये बसून मी ही फावड्याची गोष्ट सांगितली आणि ढसाढसा रडलो. फक्त त्यालाच सांगितली होती.

त्यानंतरच्या गणपतीत तो मंडळाच्या स्टेजवर उभा राहिला आणि आपले वडील लॉनमोअरला कुंकू कसं लावायचे ते नकला करत सांगू लागला. तेच फूल, तेच पाठ सांभाळणं. हॉल हसून नुसता फुटत होता. मी पार्किंगमध्ये त्याला गाठलं. ‘‘अरे, तुझ्या आईचं नावसुद्धा घेतलं नाही मी. पात्रं बदलली की गोष्ट नवी होते.’’ ‘‘ती तुझ्या रिळांमध्ये. माझी आई म्हणजे तुझं अस्वल नाही,’’ मी म्हणालो. तो हसला. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. पुढची नऊ वर्षं आम्ही कार्यक्रमांत एकमेकांना मान हलवण्यापुरते भेटलो.

शोकसभेत चौघांनी तीच लॉनमोअरची गोष्ट सांगितली. हे खोटं आहे म्हणून सांगायला मी उठलोच होतो. अविनाशचे वडील इथे एकदाच आले, तेही त्याच्या लग्नाआधी, आमच्या तिसऱ्या मजल्यावर. कसलं लॉन आणि कसला मोअर! तेवढ्यात त्याची मुलगी रिया माइकजवळ गेली. ‘‘आय नेव्हर मेट आजोबा,’’ ती म्हणाली. ‘‘धिस स्टोरी इज ऑल आय हॅव ऑफ हिम.’’ मी खाली बसलो... अविनाशने जाता जाता मला पुन्हा गप्प केलं.

परवा दसरा झाला. रियाने फोन करून बोलावलं होतं. गॅरेजमध्ये लॉनमोअर पुसून ठेवलेला, त्याच्या दांड्यावर जुन्या कुंकवाचे थरावर थर. ‘‘बाबा दर वर्षी लावायचे. काका, विल यू डू इट?’’ तिने कोयरी पुढे केली. तो दर वर्षी लावत होता आणि माझं फावडं पहिल्याच बर्फात धुऊन निघालं होतं, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोट बुडवलं आणि लावलं. ‘‘आजोबा असंच लावायचे?’’ रियाने विचारलं. ‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘अगदी असंच.’’

रियाला मराठी वाचता येत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो, ते बर्फाचं फावडं होतं, आणि कुंकू लावणारी माझी आई होती. तिचं नाव शकुंतला.